अक्षरे मोजणारा तत्त्वज्ञ : अल-किंदी

अलीबाबाची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. तिळाचे नाव घेतले की गुहेचे दार उघडते, आणि ते नाव ऐन वेळी आठवले नाही म्हणून बिचारा कासीम आतच अडकून प्राणास मुकतो. गोष्ट मुलांची खरी, परंतु आज ज्याला सायबर सुरक्षा म्हणतात त्या शास्त्राचा निम्मा भाग तिच्यात येऊन गेला आहे. चोरांनी परवलीचा शब्द एकच ठेवला, तो कधी बदलला नाही आणि उघड्या रानात मोठ्याने उच्चारला. म्हणून तो झाडावर लपलेल्या लाकूडतोड्याच्या कानी पडला. उलट कासीमला तोच शब्द हवा तेव्हा सापडला नाही. गुपित फुटले तरी घात, आणि हरवले तरी घातच. तेव्हा काय झाकावे, किती झाकावे आणि काय मुळीच झाकू नये, हा विवेक करणे हेच या शास्त्राचे खरे काम होय.

ज्या अरबी कथांच्या मेळ्यातून अलीबाबा आपल्या घरी आला, त्या कथांची राजधानी बगदाद. त्या नगरीत इसवी सनाच्या नवव्या शतकात एक असा पुरुष होऊन गेला, की ज्याने गुप्तलिपीचे कुलूप किल्लीवाचून कसे उघडावे हे जगात प्रथम लिहून ठेवले. निदान आजवर सापडलेल्या ग्रंथांत त्याच्या ग्रंथाहून जुना असा या विषयावरचा ग्रंथ नाही. त्याचे नाव अबू यूसुफ याकूब इब्न इसहाक अल-किंदी. अरबांचा तत्त्वज्ञ या बिरुदाने इतिहास त्याला ओळखतो. तो गणिती होता, वैद्यकावर लिहिणारा होता आणि आमच्या आस्थेची गोष्ट म्हणजे संगीतशास्त्रज्ञही होता.

त्याचा जन्म इ. स. ८०१ च्या सुमारास कूफा शहरी झाला. किंदा हे अरबांतील जुने राजघराणे. त्या कुळात तो जन्मला. त्याचे वडील कूफ्याचे सुभेदार होते. म्हणजे घर खानदानी, सरकार-दरबारी वावर वाडवडिलांपासूनचा. पुढे विद्येच्या ओढीने तो बगदादला आला. टायग्रिस नदीच्या काठी हे शहर खलिफा अल-मन्सूर याने इ. स. ७६२ साली वसविले होते. अल-किंदी तेथे आला तेव्हा त्या शहराला पुरते शतकही झाले नव्हते. परंतु ग्रीक, फारसी, सुर्यानी आणि भारतीय विद्या तेथे एकमेकींस भेटत होत्या. खलिफा अल-मामून याचा काळ हा ग्रंथसंग्रहाचा आणि भाषांतरांचा काळ. अल-किंदीने ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे करणाऱ्या पंडितांचा एक मेळावाच आपल्याभोवती जमविला. त्यांच्याकडून ग्रंथ उतरवून घ्यावेत, भाषा नीट करावी, कठीण विषय सोपा करून सांगावा, हे काम त्याने वर्षानुवर्षे केले.

मामूननंतर त्याचा भाऊ अल-मुतसिम गादीवर आला. त्याच्या अहमद नावाच्या पुत्राचा शिक्षक म्हणून अल-किंदीची नेमणूक झाली, आणि तत्त्वज्ञानावरील आपला मुख्य ग्रंथ त्याने मुतसिमलाच अर्पण केला. सत्य कोणत्याही देशातून आणि कोणत्याही परक्या माणसाकडून येवो, ते घेण्यात कमीपणा मानू नये, असे त्याने त्या ग्रंथात आग्रहाने प्रतिपादिले आहे. हे त्याचे नुसते बोलणे नव्हते. भारतीय अंकांच्या उपयोगावर त्याने चार भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या व अल-ख्वारिझ्मीच्या ग्रंथांनी आपली अंकपद्धती अरबी जगात रुजविण्यास मोठा हातभार लावला. आपल्या शून्याला अरबांनी सिफ्र म्हटले. त्या सिफ्रवरून युरोपात सायफर हा शब्द झाला, आणि पुढे गुप्तलिपीला तेच नाव पडले. शून्याचा एवढा प्रवास पाहिला म्हणजे गंमत वाटते. रिकाम्या जागेची खूण म्हणून निघालेले चिन्ह शेवटी गुपिताचे नाव होऊन बसले.

अल-किंदीने लिहिले तरी किती! दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-नदीम या ग्रंथविक्रेत्याने आपल्या जाडजूड सूचीत त्याच्या नावावर अडीचशेच्या आसपास पुस्तके मांडली आहेत. खगोल, भूमिती, औषधांची मात्रा, समुद्राची भरती-ओहोटी, अत्तरांच्या शंभरावर कृती, आणि तलवारींच्या जाती. त्या जातींत हिंदुस्थानी तलवारींचाही उल्लेख येतो. यांतील बहुतेक पुस्तके लहान, पत्रवजा आहेत. किमयेने सोने करता येते असे सांगणाऱ्यांचे मात्र त्याने खंडन केले. दरबारात राहून सोन्याचे स्वप्न विकणाऱ्यांना खोटे पाडायला विद्येइतकेच धैर्यही लागते.

आता त्याच्या संगीताविषयी. इसहाक अल-मौसिली या नामांकित दरबारी गवयाचा तो समकालीन. अल-किंदी गवई म्हणून प्रसिद्ध नव्हता. परंतु अरबी भाषेत संगीताच्या शास्त्रावर लिहिलेले जे सर्वांत जुने ग्रंथ हाती आहेत, त्यांत त्याचे ग्रंथ येतात. ऊद हे अरबांचे मुख्य तंतुवाद्य. त्याला त्या काळी चार तारा असत. दोन सप्तके पुरी व्हावीत म्हणून त्याने शास्त्रापुरती पाचवी तार मांडली. तारेवर बोट कोठे पडते त्या प्रत्येक स्थानाला त्याने वर्णमालेतील एकेक अक्षर दिले. आपल्याकडे भातखंडे आणि पलुसकर यांनी अक्षरांनीच स्वरलिपी बांधली. अरबी विद्येत अक्षराला स्वर नेमून देण्याचा हा प्रयत्न त्यांच्यापूर्वी हजार वर्षांचा आहे. अक्षर म्हणजे एक खूण. ती आज एका अर्थासाठी वापरा, उद्या दुसऱ्यासाठी. ज्याच्या मनात हे इतके स्पष्ट होते, त्याने गुप्तलिपीचा उलगडा करावा यात नवल नाही.

गुप्तलिपीची हौस मानवास फार जुनी. आपल्याकडे चौसष्ट कलांच्या यादीत सांकेतिक बोलण्या-लिहिण्याची कला वात्स्यायनाने गणली आहे. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द जुन्या घरांतून अजून ऐकू येतात, आणि च लावून उलटसुलट बोलण्याची भाषा तर प्रत्येक पिढीतील मुले नव्याने शिकतात. झाकण्याची युक्ती अशी सर्वांनाच सुचते. झाकलेले उघडण्याचे शास्त्र करणे ही मात्र निराळी गोष्ट.

त्याची पूर्वतयारी बसऱ्याच्या अल-खलील इब्न अहमद याने आठव्या शतकात केली होती. हा अरबी छंदशास्त्राचा जनक आणि पहिला मोठा कोशकार. त्याच्याविषयी अशी हकीकत सांगतात, की रूमच्या बादशहाकडून ग्रीक भाषेतील एक गुप्त लिपीचे पत्र त्याच्याकडे आले. महिनाभर डोके खपवून त्याने ते वाचले. त्याने एवढेच अनुमान केले होते, की पत्राचा आरंभ देवाच्या नावाने झाला असला पाहिजे. तेवढी अक्षरे बसवून पाहिली. ती बसली, आणि मग एकेक धागा सुटत गेला. हे आपल्याला सहज पटावे. जुन्या मराठी पत्राच्या माथ्यावर श्री असणार आणि मायना साष्टांग नमस्काराचा असणार, हे पत्र न उघडताही कोणी सांगेल. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे एनिग्मा यंत्राने लिहिलेले संदेश उलगडताना हवामानाच्या वार्तांचा असाच उपयोग झाला. त्या वार्ता ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांत जात. यंत्र बलवत्तर होते, पण लिहिणाऱ्याची सवय दुबळी होती.

अल-किंदीने या अनुमानाच्या पलीकडे जाऊन मोजणीचा मार्ग सांगितला. गुप्त मजकूर कोणत्या भाषेतील आहे हे कळले, म्हणजे त्याच भाषेतील एक साधा मजकूर घ्यावा, निदान पानभर तरी. त्यात प्रत्येक अक्षर किती वेळा आले ते मोजावे. सर्वांत अधिक आलेले पहिले, त्याखालचे दुसरे, असे क्रम लावावेत. मग गुप्त मजकुरातील चिन्हांचीही तशीच शिरगणती करावी, आणि पहिल्याच्या जागी पहिले, दुसऱ्याच्या जागी दुसरे बसवून पाहावे. त्याने स्वतः अरबी मजकुराची अशी मोजणी केली. साडेतीन हजारांहून अधिक अक्षरांत अलिफ ६०० वेळा आणि लाम ४३७ वेळा आला, असे त्याने नोंदविले आहे. मजकूर फार तोकडा असेल तर ही मोजणी फसते, हेही तो बजावतो. कोणती अक्षरे एकमेकांशेजारी येतात आणि कोणती कधीच येत नाहीत, पत्राच्या आरंभी रूढीने काय लिहितात, या गोष्टींकडेही त्याने लक्ष वेधले आहे.

मराठीचेच पाहा ना. कोणतेही पान घ्या. त, र, न ही अक्षरे पावलोपावली भेटतील, आणि ङ किंवा ञ शोधूनही मिळणार नाहीत. त च्या जागी चांदणी काढली आणि र च्या जागी त्रिकोण काढला म्हणून काय झाले? चांदणी पावलोपावली भेटू लागेल, इतकेच. वेष बदलला, चाल बदलली नाही.

गाण्याच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट अधिक लवकर उमगते. एक गायक काळी एक मध्ये गातो, दुसरा काळी चार मध्ये. पट्टी बदलली की पेटीवरील प्रत्येक पडदा बदलतो. तरी जाणकार श्रोता दोन आलापांत राग ओळखतो. कारण तो पडद्यांची नावे ऐकत नाही. कोणता स्वर वारंवार, ठासून येतो आणि कोणता नुसता स्पर्शून जातो, ते ऐकतो. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. परंतु भूपात गंधार वादी, देशकारात धैवत वादी. एवढ्यावर राग निराळा होतो. अल-किंदीने गुप्तलिपीतला वादी स्वर शोधण्याची रीत सांगितली असे म्हटले, तर ते फार चुकीचे होणार नाही.

अशा माणसाला शत्रू असणारच. इब्न अल-नदीमने एक मजेची हकीकत दिली आहे. अबू माशर नावाचा एक धर्मपंडित बगदादेत राहत असे. ग्रीक तत्त्वज्ञान शिकविणारा अल-किंदी त्याला डोळ्यांसमोर नको होता; लोकांना तो त्याच्याविरुद्ध चिथावीत असे. अल-किंदीने भांडण केले नाही, तक्रारही केली नाही. त्याने एका माणसाकरवी अबू माशरला अंकगणिताची आणि भूमितीची गोडी लागेल अशी योजना केली. अबू माशर त्यात रमला, तेथून ज्योतिषाकडे वळला, आणि त्याचा विरोध मावळला. तेव्हा त्याचे वय ४७ वर्षांचे होते. पुढे तो त्या काळचा सर्वांत नामांकित ज्योतिषी झाला आणि अल-किंदीच्या मंडळींत गणला गेला. संगणकाच्या कुलपांना भगदाडे पाडणाऱ्या हुशार पोरांना हुडकून त्यांनाच आज राखणदारीच्या कामावर घेतात. त्या शहाणपणाचा मासला येथे अकराशे वर्षांपूर्वीच सापडतो.

परंतु सर्वच शत्रू असे वळविता येत नाहीत. इ. स. ८४७ साली अल-मुतवक्किल खलिफा झाला आणि वारे फिरले. दरबारात बनू मूसा म्हणून ओळखले जाणारे तिघे बंधू होते. स्वतः मोठे गणिती आणि यंत्रे करण्यात निष्णात. नव्या खलिफाला चालत्या-फिरत्या यंत्रांचे वेड, त्यामुळे या बंधूंचे वजन फार. त्यांपैकी मुहम्मद आणि अहमद या दोघांना दुसऱ्या विद्वानाची कीर्ती सोसत नसे, असे इब्न अबी उसैबिया या चरित्रकाराने लिहिले आहे. सनद इब्न अली नावाच्या ज्योतिर्विदाला त्यांनी राजधानीतून दूर बगदादेत धाडले. अल-किंदीविरुद्ध खलिफाचे कान भरले. खलिफाने या वृद्धत्वाकडे झुकलेल्या पंडितास मारहाण करविली, आणि बंधूंनी त्याच्या घरी जाऊन त्याची सगळी पुस्तके उचलून नेली. ती एका वेगळ्या दालनात ठेवली. त्या दालनालाच लोक किंदीया म्हणू लागले. दरबाराची मर्जी म्हणजे काय, ती एका रात्रीत कशी फिरते, आणि फिरली म्हणजे वर्षानुवर्षांच्या सेवेचे मोल किती उरते, हे संस्थानी गावात पिढ्या काढलेल्या घरांना निराळे सांगावयास नको.

ती पुस्तके परत आली त्याची कथा मात्र एखाद्या नाटकात शोभेल अशी आहे. खलिफाने नव्या नगरासाठी कालवा खणण्याचे काम बनू मूसांकडे दिले. त्यांनी ते अल-फरगानी नावाच्या स्थापत्यविशारदावर सोपविले. त्याने कालव्याचे तोंड पुढच्या पात्रापेक्षा खोल खणले. नदी तुडुंब भरलेली असेल तोवर पाणी वाहील. नदी उतरली की पाणी तोंडाशीच थबकेल. खलिफाच्या कानावर कुणकुण गेली. चूक खरी ठरली तर बंधूंना कालव्याच्या काठावरच सुळी देईन अशी त्याची धमकी होती, आणि पाहणीसाठी त्याने बोलाविले कोणाला, तर त्यांनीच दूर केलेल्या सनद इब्न अलीला.

बंधू सनदाच्या पाया पडले. सनदाचे आणि अल-किंदीचे काही सख्य नव्हते. उलट वैरच होते. तरीही त्याने अट घातली ती अशी, की अल-किंदीची पुस्तके आधी परत झाली पाहिजेत. त्याशिवाय तो यांच्या बाजूने अक्षर काढणार नाही. मुहम्मदाने पुस्तके पाठविली, आणि सगळी मिळाल्याची अल-किंदीच्या हातची पावती आणून दाखविली. मग सनदाने हिशेब मांडला. नदी भरतीला आहे. चार महिने दोष दिसणार नाही. तोवर खलिफा जगणार नाही असे ज्योतिषांचे भाकीत आहे. ते खरे ठरले तर आपण वाचलो. खोटे ठरले तर तिघेही बुडालो. त्याने खलिफाला कालवा निर्दोष असल्याचे सांगितले. दोन महिन्यांनी, इ. स. ८६१ च्या अखेरीस, मुतवक्किलचा खून झाला.

या कथेत बोध घेण्यासारखे पुष्कळ आहे. शत्रूच्या ग्रंथांसाठी अडून बसणारा सनद मोठा. पण जीव वाचविण्यासाठी खोटा दाखला देणाराही तोच. आणि कालवा तर आजच्या संगणकयंत्रणांचे हुबेहूब चित्र आहे. पाणी वाहते आहे, सर्व सुरळीत आहे, तोवर मुळातला दोष कोणास दिसत नाही. पाहणी करणाऱ्याला भय असेल किंवा देणे-घेणे असेल, तर कागदावर सारे निर्दोषच उतरते. नदी उतरते तेव्हा मात्र शेते ज्यांची आहेत ते लोक कोरडे पडतात.

आणखी एक कथा सांगितल्यावाचून अल-किंदीचे चरित्र पुरे होणार नाही. ती तेराव्या शतकातील अल-किफ्ती या चरित्रकाराने दिली आहे. तिच्यात दंतकथेचा अंश असेलही. अल-किंदीच्या शेजारी एक धनाढ्य व्यापारी राहत असे. तो अल-किंदीची सदा निंदा करी. व्यापाराचे सर्व देणे-घेणे त्याचा मुलगा पाही. एके दिवशी मुलाला अचानक झटका आला आणि त्याची शुद्ध हरपली. बापाला दुहेरी दुःख : मुलगा जातो आहे, आणि कोणाचे किती येणे, कोणाला किती देणे हे त्याच्यावाचून कोणासच ठाऊक नाही. वैद्य हरले. शेवटी कोणीतरी सांगितले, की तुझ्या भिंतीला लागून तर एवढा मोठा तत्त्वज्ञ राहतो. अल-किंदी आला. त्याने ऊद वाजविण्यात तयार असे आपले चार शिष्य बोलाविले, कोणत्या रीतीने वाजवायचे ते समजावून दिले, आणि स्वतः मुलाची नाडी धरून बसला. हळूहळू श्वास सुधारला, मुलगा हलला, उठून बसला, बोलू लागला. तेव्हा अल-किंदीने बापाला जे विचारायचे ते विचारून लिहून घ्यायला सांगितले. हिशेब पुरा झाला. वाजविणाऱ्यांचा हात चुकला, आणि मुलगा पुन्हा पहिल्या स्थितीस गेला. बापाने पुन्हा वाजविण्याची विनवणी केली. परंतु जेवढे आयुष्य शिल्लक होते तेवढे संपले, ते वाढविणे मनुष्याच्या हाती नाही, असे अल-किंदीने त्याला समजाविले.

सुरांनी मृतप्राय माणूस उठतो की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. व्यापाऱ्याची खरी चूक कोणती? घराची सगळी माहिती एकाच डोक्यात बंद होती, हीच. आमच्या क्षेत्रात याने केवढी हानी केली आहे! बंदिशी बाहेर फुटू नयेत म्हणून कित्येक घराण्यांनी त्या शिष्यांपासूनही लपविल्या. उस्ताद गेले आणि चिजाही त्यांच्याबरोबर गेल्या. भातखंड्यांनी गावोगाव हिंडून, मिनतवाऱ्या करून जेवढ्या मिळाल्या तेवढ्या क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या, म्हणून तेवढ्या तरी आज आपल्यापाशी आहेत. आजही एखाद्या घरातील कर्ता माणूस अकस्मात गेला, की बँकेची खाती, विम्याचे कागद, फोनचा परवलीचा शब्द, यांपैकी काहीच कोणाला ठाऊक नसते. अशा घरात ऊद वाजविणारे शिष्य कोठून आणावयाचे?

अल-किंदीची अखेर शांतपणे, काहीशा विस्मृतीत झाली. पुस्तके परत मिळाली, पण दरबारातील पूर्वीचे स्थान मिळाले नाही. गुडघ्याच्या दुखण्याने तो पुष्कळ वर्षे बेजार होता. त्याच विकाराने त्याचा अंत झाला असे जुने चरित्रकार लिहितात. मृत्यूचे साल ८७३ च्या सुमारास धरतात. त्याची बहुतेक पुस्तके काळाच्या उदरात गेली. गुप्तलिपीवरील छोटा ग्रंथ इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयातील हस्तलिखितांत पडून राहिला, आणि १९८७ साली दमास्कसहून संशोधकांनी तो छापून प्रसिद्ध केला. ग्रंथ अज्ञात होता, पण मोजणीची विद्या थांबली नव्हती. स्कॉटलंडची राणी मेरी कैदेत असताना बिअरच्या पिंपाच्या बुचात लपवून गुप्तलिपीची पत्रे धाडीत असे. चिन्हे मोजून ती पत्रे उलगडण्यात आली, आणि १५८७ च्या फेब्रुवारीत तिचा शिरच्छेद झाला. आपली लिपी अभेद्य आहे या विश्वासाने तिने नको ते कागदावर उतरविले होते. दुबळे कुलूप वाईटच. परंतु दुबळ्या कुलपावरचा गाढ विश्वास त्याहून वाईट.

हा सारा जुना इतिहास झाला असे कोणी म्हणेल, तर त्यासाठी २०१३ सालचे उदाहरण पुरे आहे. त्या वर्षी अ‍ॅडोबी या अमेरिकन कंपनीच्या ग्राहकांचे परवलीचे शब्द चोरीस गेले; सुमारे १५ कोटी नोंदींची यादी बाहेर आली. शब्द गुप्तलिपीत होते आणि लिपीची किल्ली चोरांना मिळालेली नव्हती. परंतु सर्व शब्द एकाच किल्लीने अशा रीतीने झाकलेले होते, की एकसारख्या शब्दांना एकसारखेच रूप येई. आणि शब्द आठवावा म्हणून ग्राहकांनी लिहिलेल्या खुणा शेजारी उघड्याच होत्या. जाणकारांनी काय केले? अल-किंदीने सांगितले तेच, मोजले. सर्वांत अधिक वेळा आलेले रूप कोणते ते पाहिले, शेजारच्या खुणा वाचल्या, आणि शब्द सापडला : १२३४५६. सुमारे १९ लाख लोकांनी तोच ठेवला होता. हे टाळण्याची रीतही ठाऊक असलेली आहे. प्रत्येक शब्दात निरनिराळी, वाटेल तशी निवडलेली अक्षरे मिसळून मगच तो झाकावा, म्हणजे दोन सारखे शब्दही सारखे दिसत नाहीत. या मिसळीला इंग्रजीत मीठ या अर्थाचे सॉल्ट हेच नाव आहे. चिमूटभर मीठ विसरले, आणि सगळा स्वयंपाक फसला.

मग अल-किंदीच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? एक असे, की गुपित फुटते ते बहुधा आपल्या सवयीमुळे. नातवाचे नाव आणि जन्मसाल, कुलदैवत आणि घराचा क्रमांक, हे आपले वादी स्वर आहेत. शेजाऱ्याला ठाऊक असतात तसे चोरालाही असतात. परवलीचा शब्द लांब असावा, प्रत्येक ठिकाणचा निराळा असावा, आणि आपल्या ओळखीच्या लकबी त्यात नसाव्यात. दुसरे असे, की मागे राहिलेल्यांना ज्याची गरज पडणार ते एकाच डोक्यात ठेवू नये. नीट लिहून, मोहोरबंद करून विश्वासाच्या जागी ठेवावे. आणि तिसरे, जे त्याच्या आयुष्याने विशेष करून शिकविले ते असे, की किल्ली लपवावी, विद्या लपवू नये. गुप्तलिपी फोडण्याची रीत त्याने स्वतःपाशी ठेवली असती तर दरबारात त्याचे मोल कदाचित वाढले असते. त्याने ती उघड लिहिली; म्हणून पुढच्यांना आपली कुलपे किती तकलादू आहेत हे कळायची सोय झाली. आजही जी कुलपे भरवशाची मानतात, त्यांची रचना सर्वांना पाहायला उघडी असते. गुप्त असते ती केवळ किल्ली.

मारहाण सोसलेल्या, ग्रंथ गमावून परत मिळविलेल्या त्या वृद्ध पंडिताने हे सूत्ररूपाने कोठे मांडले नाही. परंतु त्याची पुस्तके ज्या दालनात कोंडली गेली त्याला लोकांनी त्याचेच नाव दिले, आणि कोंडणाऱ्यांना ती अखेर पावती घेऊन परत करावी लागली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.